संगणकाचे काम बाहेर देताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संस्थेची संगणक व्यवस्था बाहेरच्या कंपनीकडे सोपवताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातील एका सहकारी साखर कारखान्याचा संचालक आहे. ऊस नोंदीपासून वजनकाटा, ऊस बिले, भांडार आणि पगारापर्यंतचे सर्व काम आजवर आमच्याच संगणक विभागाने सांभाळले आहे. आता पुण्याच्या एका कंपनीने हा संपूर्ण विभाग पाच वर्षांच्या कराराने चालवण्याचा प्रस्ताव दिला असून त्यात बरीच बचत दाखवली आहे. मोठमोठ्या कंपन्याही हेच करतात, असे म्हणून मंडळातील बहुतेकांचा कल होकाराकडे आहे. विभागातील माणसे गेल्यावर काय होईल, याची मला धास्ती वाटते. आपले मत काय?

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे आणि ती मंडळापुढे स्पष्ट शब्दांत मांडली गेली पाहिजे. मोठ्या कंपन्या असे करतात हे खरे आहे. ईस्टमन कोडॅकने 1989 मध्ये आपली संगणक केंद्रे आयबीएमकडे सोपवली, तेव्हापासून ही पद्धत मोठ्या उद्योगांत प्रतिष्ठित झाली. आपल्याकडे भारती एअरटेलने 2004 मध्ये आयबीएमशी दहा वर्षांचा करार केला. परंतु अशा उदाहरणांतून काय देऊन टाकले एवढेच आपल्या कानावर येते, काय राखून ठेवले हे येत नाही. त्या दृष्टीने पासपोर्टचे उदाहरण अधिक बोलके आहे. परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट सेवा प्रकल्पाचे काम 2008 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला दिले. पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आलेल्यांना तेथील तीन काउंटर आठवत असतील. 'ए' काउंटरवर कागदपत्रे, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेणारी माणसे कंपनीची असतात, मात्र 'बी' काउंटरवर पडताळणी करणारा आणि 'सी' काउंटरवर पासपोर्ट मंजूर करणारा अधिकारी शासनाचा असतो. ही रेषा काम सुरू होण्याआधी आखलेली होती, म्हणून ती टिकली.

आपल्या कारखान्यात ही रेषा कोठे पडते, हे ठरवण्यासाठी प्रत्येक कामाबाबत एकच विचार करावा : येथे चूक झाली तर सभासद कोणाच्या दारात येणार? ऊस नोंद, लागणीची तारीख, ऊस आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा या प्रकारांपैकी कोणता याची नोंद, आणि त्यावरून लागणारा तोडणीचा क्रम ही कारखान्यावरील विश्वासाची कामे आहेत. क्रमवारीत एखाद्याचा ऊस मागे पडला, तर तो चिटबॉयला (कारखान्याच्या गावपातळीवरील ऊस कर्मचाऱ्याला) आणि शेती अधिकाऱ्याला जाब विचारतो. पुण्याच्या कंपनीचे नावही त्याला ठाऊक नसते. वजनकाट्याचे आकडे जेथे साठतात ती माहिती, दराचा तक्ता बदलण्याचा अधिकार, आणि संपूर्ण प्रणालीचा सर्वोच्च पासवर्ड हे तिन्ही कारखान्याच्या स्वतःच्या, जबाबदार पदावरील माणसांच्या हाती राहिले पाहिजे, आणि कोणी केव्हा काय बदलले याची नोंद कंपनीला पुसता येणार नाही अशा ठिकाणी साठली पाहिजे.

याच्या उलट, संगणक आणि छपाई यंत्रांची देखभाल, कारखाना स्थळ आणि गट कार्यालये यांच्यातील जोडणी, ई-मेल, पगारपत्रके, आणि विशेषतः सायबर हल्ल्यांवर रात्रंदिवस ठेवावी लागणारी पाळत ही कामे खुशाल बाहेर द्यावीत. तीन पाळ्यांत सुरक्षेची पाळत ठेवू शकणारी तज्ज्ञ माणसे एका कारखान्याला परवडत नाहीत आणि मिळाली तरी टिकत नाहीत. अनेक ग्राहकांसाठी एकत्र काम करणारी कंपनी ते अधिक चांगले करते. येथे बाहेरची मदत न घेणे हाच हट्ट ठरेल.

आता माणसांविषयी. आपल्या विभागात जळीत उसाची कपात कशी बसवली आहे, एका गटातील दोन समान नावांच्या सभासदांची खाती कशी वेगळी ठेवली आहेत, एखाद्या हंगामात पुरात बुडालेल्या उसासाठी कोणता अपवाद केला आणि तो आजही प्रणालीत का आहे, हे सारे जाणणारी दोन-तीन माणसे निश्चित असतील. हे ज्ञान कोणत्याही फायलीत नसते. कंपनीचा पहिला प्रस्ताव बहुधा हीच माणसे सामावून घेण्याचा असतो. तो उदार वाटतो, पण दोन वर्षांनी त्यांची बदली दुसऱ्या ग्राहकाकडे झाली की कारखान्यात आपल्या व्यवस्थेविषयी कंपनीला प्रश्न विचारू शकेल असे कोणीही उरत नाही. जमीन खंडाने दिली तरी बांध कोठे आहे हे मालकाला माहीत असावे लागते. म्हणून माझा आग्रह असा की, काम कितीही बाहेर गेले तरी किमान तीन जाणकार माणसे कारखान्याच्या पगारावर राहावीत. एकाने ऊस आणि शेती विभागाची बाजू पाहावी, दुसऱ्याने माहितीसाठा आणि सुरक्षेची, आणि तिसऱ्याने करार, बिले व कंपनीच्या कामाची मोजणी. त्यांचा पगार बचतीच्या तक्त्यात खर्च म्हणून धरावा आणि त्यानंतरही बचत दिसते का, हे पाहावे.

त्या तक्त्यात आणखी काही खर्च धरलेले नसतात. दर हंगामात शासनाच्या नव्या कपाती येतात, ऊसदराचे हप्ते बदलतात, तोडणी-वाहतुकीचे करार बदलतात. करारात 'मूळ व्याप्तीबाहेरील बदल' अशी नोंद असेल, तर अशा प्रत्येक बदलाचे वेगळे बिल येते. पहिल्या वर्षी स्वस्त वाटलेला करार तिसऱ्या वर्षी महाग होतो तो बहुधा येथे. मागील पाच हंगामांत आपल्या विभागाने केलेल्या बदलांची यादी काढून ती निविदेला जोडावी आणि असे बदल मूळ दरातच समाविष्ट असावेत, असे लिहून घ्यावे.

आणि वेळ. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत रक्कम दिली नाही, तर थकीत रकमेवर वार्षिक 15 टक्के दराने व्याज द्यावे लागते, आणि ही जबाबदारी कारखान्याची आहे. नव्या प्रणालीत पंधरवड्याचे बिल अडकले, तर व्याज चुकवण्यासाठी कंपनीचे कारण पुढे करता येणार नाही. म्हणून हस्तांतरणाचे काम गाळप संपल्यावर सुरू करावे, मागील हंगामातील निदान एका पूर्ण पंधरवड्याची बिले जुन्या आणि नव्या दोन्ही प्रणालींवर काढून पैशापर्यंत ताडून पाहावीत, आणि तो मेळ बॉयलर पेटण्याच्या बऱ्याच आधी लागला नाही, तर येणारा हंगाम जुन्याच व्यवस्थेवर काढण्याचा ठराव मंडळाने आधीच करून ठेवावा. काटा सुरू झाल्यावर असा निर्णय घेण्याची उसंत कोणालाही नसते.

प्रश्न : सांगलीतील एका नागरी सहकारी बँकेत मी वरिष्ठ अधिकारी आहे. आमचे कोअर बँकिंग (सर्व शाखांची खाती सांभाळणारी केंद्रीय प्रणाली), एटीएम स्विच (एटीएमवरील व्यवहार बँकेच्या प्रणालीशी जोडणारी यंत्रणा) आणि यूपीआय या सर्व सेवा बाहेरच्या कंपन्यांकडे आहेत. सायबर हल्ला कंपनीवर झाला तर दोष कंपनीचा, असे आमचे काही संचालक मानतात. हे बरोबर आहे काय?

उत्तर : नाही, आणि संचालकांनी हा समज आजच सोडावा. रिझर्व्ह बँकेने माहिती तंत्रज्ञान सेवांच्या आउटसोर्सिंगविषयीचे निर्देश 10 एप्रिल 2023 रोजी काढले आणि ते 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाले. काम बाहेर दिल्याने बँकेची जबाबदारी कमी होत नाही आणि अंतिम उत्तरदायित्व संचालक मंडळाचे व वरिष्ठ व्यवस्थापनाचेच राहते, हा त्यांचा गाभा आहे. नागरी सहकारी बँकांपैकी हे निर्देश तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतील, म्हणजे 1,000 कोटी रुपयांपेक्षा अधिक ठेवी असलेल्या बँकांना लागू होतात. आपली बँक त्याहून लहान असली तरी 31 डिसेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी आखलेली सायबर सुरक्षेची चौकट आहेच, आणि तिच्यात बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांवर अपेक्षा ठरवलेल्या आहेत.

कंपनीवरचा हल्ला बँकेवर कसा उतरतो, हे 2024 मध्ये आपण सर्वांनी पाहिले. अनेक सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्यावर, संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने 31 जुलै रोजी तिला किरकोळ देयक प्रणालीपासून तात्पुरते तोडले, आणि सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. या बँकांपैकी कोणाचीही यंत्रणा थेट फोडली गेली नव्हती, तरी खातेदार मात्र आपापल्या शाखेतच विचारायला गेले असणार. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये काढून नेले गेले. त्या हल्ल्याचे लक्ष्य एटीएम स्विच होते आणि बनावट कार्डांद्वारे 28 देशांतून पैसे काढले गेले. सहकारी क्षेत्राला एटीएम स्विच ही किती नाजूक जागा आहे, हे त्यातून समजले. पुढे स्विच चालवणाऱ्या कंपन्यांशी होणाऱ्या करारांत कोणती सुरक्षा बंधने असावीत, हेही रिझर्व्ह बँकेने 2019 अखेरीस घालून दिले.

परदेशातील एक प्रकरण मला आपल्या संचालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये आपली सर्व खाती नव्या प्रणालीवर नेली. ते काम तिच्याच स्पॅनिश मालक बँकेच्या संगणक कंपनीकडे होते, आणि ती कंपनी पुढे अनेक उपकंत्राटदारांवर अवलंबून होती. स्थलांतर फसले आणि लाखो ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. नियामकांनी डिसेंबर 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड केला, आणि एप्रिल 2023 मध्ये बँकेच्या माजी मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः 81,620 पौंडांचा दंड केला, कारण पुरवठादाराची तयारी खरोखर झाली आहे याची खातरजमा त्याने पुरेशी केली नव्हती. कंपनीने 'आम्ही तयार आहोत' असे लिहून दिले होते. ते पत्र पुरेसे मानले गेले नाही.

आपण आपल्या करारांत तीन गोष्टी लगेच तपासाव्यात. कंपनीला हल्ल्याचा सुगावा लागताच ती बँकेला किती वेळात कळवणार? भारतीय सायबर यंत्रणा सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि 2023 च्या निर्देशांनुसार रिझर्व्ह बँकेला कळवण्याचे सहा तासही कंपनीच्या लक्षात घटना आल्यापासून मोजले जातात. म्हणून '24 तासांत कळवू' असे कलम असेल तर ते आजच निरुपयोगी आहे. दुसरे, कंपनीची तपासणी करण्याचा हक्क बँकेला, तिच्या लेखापरीक्षकाला आणि रिझर्व्ह बँकेला आहे काय? तिसरे, कंपनीने पुढे कोणाला काम दिले आहे, त्यांची यादी बँकेकडे आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुसंख्य बँकांना पत्र पाठवून मागवावे लागते.

प्रश्न : साताऱ्यातील आमच्या शिक्षण संस्थेने प्रवेश, शुल्क आणि सेवापुस्तकांसाठी एका कंपनीकडून खास सॉफ्टवेअर करून घेतले. त्याचे पूर्ण पैसे आम्ही दिले आहेत. आता कंपनीने देखभालीचा दर तिप्पट केला आहे, आणि आम्ही दुसरीकडे जातो म्हटल्यावर 'सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ लिखित मजकूर) आमचा आहे, तो मिळणार नाही, माहितीही आमच्याच सर्व्हरवर आहे', असे उत्तर कंपनीकडून मिळाले. पैसे आम्ही दिले तर मालकी आमची नव्हे काय?

उत्तर : येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील, कारण एकीत आपली बाजू कदाचित दुबळी आहे आणि दुसरीत भक्कम आहे.

सोर्स कोडविषयी कॉपीराइट अधिनियम, 1957 पाहावा लागतो. संगणक प्रणाली या कायद्यात साहित्यकृती मानली जाते. नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेल्या प्रणालीची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते. परंतु बाहेरच्या कंपनीने काम करून दिले असेल, तर केवळ पैसे दिले म्हणून मालकी आपल्याकडे येत नाही. त्यासाठी कंपनीने सही केलेले लेखी हस्तांतरण लागते. ते करतानाही जपावे लागते : हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर ती कलम 19 नुसार पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरते मानले जाते, आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो संपुष्टात येतो. 'सर्व हक्क संस्थेचे राहतील' हे मोघम वाक्य पुरेल असे समजून अनेक संस्था या बारकाव्यांकडे पाहतच नाहीत. आपला मूळ करार आणि सर्व कार्यादेश वकिलांना दाखवा. हस्तांतरणाचे कलम सापडले तर मार्ग सोपा आहे.

ते नसेल तरी माहितीवर कंपनीचा दावा टिकण्यासारखा नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि शिक्षकांची सेवापुस्तके ही संस्थेची अभिलेख-सामग्री आहे. ती कोणाच्या यंत्रावर ठेवली आहे यावरून तिची मालकी बदलत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नुसार अशा माहितीची जबाबदारी संस्थेवर असते आणि कंपनी केवळ संस्थेच्या वतीने तिच्यावर प्रक्रिया करणारी ठरते. सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद याच कायद्यात आहे, आणि कंपनीशी काहीही करार केलेला असला तरी जबाबदारी टळत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

म्हणून कोडचा वाद बाजूला ठेवून, प्रथम माहिती मागा. मागताना एक्सेलमधील अहवालांवर समाधान मानू नका; संपूर्ण डेटाबेसची प्रत आणि कोणत्या तक्त्यात काय साठवले आहे याचे वर्णन, असे लेखी मागा. ती प्रत मिळाल्यावर स्वतःच्या यंत्रावर उभी करून, दोन-चार शाखांचे मागील वर्षाचे शुल्क आणि काही सेवापुस्तके हाताने ताडून पाहा. हे होईपर्यंत देखभालीचे बिल थांबवू नका, कारण बिल थकले की कंपनीला सेवा बंद करण्याचे निमित्त मिळते आणि प्रवेशाच्या तोंडावर संस्थेचीच कोंडी होते.

पुढच्या वेळी सोर्स कोड तिसऱ्या, विश्वस्त पक्षाकडे अनामत ठेवण्याची अट घाला, आणि कंपनी बंद पडली किंवा तिने सेवा नाकारली तर तो संस्थेला मिळेल असे लिहून घ्या. अनामत ठेवलेल्या कोडवरून प्रणाली खरोखर उभी राहते का, हे वर्षातून एकदा पाहिले नाही, तर त्या अनामतीचा उपयोग नाही.

प्रश्न : मिरजेतील एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रशासनात मी आहे. करारात 99.5 टक्के उपलब्धतेची हमी आहे आणि कंपनीचे मासिक अहवाल ती पाळल्याचे दाखवतात. तरीही बाह्यरुग्ण विभागात ऐन गर्दीत प्रणाली बंद पडते. अहवाल खोटे आहेत काय?

उत्तर : अहवाल खरे असू शकतात, मोजणीच तशी ठरवली गेली आहे. तीस दिवसांच्या महिन्यात 720 तास असतात आणि त्याचा अर्धा टक्का म्हणजे 3 तास 36 मिनिटे. सोमवारी सकाळी, कर्नाटकातून आलेले रुग्णही रांगेत उभे असताना, साडेतीन तास प्रणाली बंद राहिली आणि महिन्यात पुन्हा कधीही बंद पडली नाही, तरी हमी पाळली गेली असेच कागदोपत्री दिसेल. याशिवाय 'नियोजित देखभाल' आणि 'इंटरनेट पुरवठादाराचा दोष' हे काळ बहुतेक करारांत मोजणीतून वगळलेले असतात.

मोजणी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेवर करा. रोज चार तास आणि महिन्याचे 26 दिवस धरले, तर 104 तास होतात. त्याचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे 31 मिनिटे. हा आकडा करारात आला की कंपनीची तत्परता बदलते. मोजणी नोंदणी काउंटरवरच्या संगणकावरून व्हावी, कारण सर्व्हर चालू आहे पण केसपेपर निघत नाही, ही अवस्था रुग्णाच्या दृष्टीने बंदच आहे. तक्रार मिटली असे कंपनीने स्वतः नोंदवू नये, ज्या विभागाने तक्रार केली त्याने नोंदवावे. दंडाच्या कलमावर मी फारसा भर देत नाही. त्याची कमाल मर्यादा बहुधा इतकी कमी असते की दंड भरणे कंपनीला अधिक सोपे जाते. सलग तीन महिने हमी मोडल्यास नुकसानभरपाईविना करार सोडण्याचा हक्क, हे कलम अधिक उपयोगी आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेचे मुख्य सर्व्हर सांगलीच्या गावभागात आहेत. पर्यायी केंद्र कोल्हापुरात उभारून देण्याचा प्रस्ताव एका कंपनीने दिला आहे. अंतर कमी असल्याने तो सोयीचा वाटतो. स्वीकारावा काय?

उत्तर : स्वीकारू नये. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तर धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. त्याच आठवड्यात पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरही वेढले होते आणि पुणे-बंगळूरु महामार्ग अनेक दिवस बंद होता. जुलै 2021 मध्येही दोन्ही शहरांत एकाच वेळी पाणी आले. पर्यायी केंद्र ज्या आपत्तीसाठी असते तीच आपत्ती त्याला गाठणार असेल, तर त्यावरील खर्च वाया जातो. कराड किंवा साताऱ्याचा विचार करताना 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप लक्षात ठेवावा. मुंबई, पुणे आणि हैदराबाद येथे मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे आहेत. सांगलीबरोबर एकाच पुरात किंवा एकाच भूकंपात सापडणार नाही असे ठिकाण निवडावे. मुख्य सर्व्हर गावभागात तळमजल्यावर असतील, तर पर्यायी केंद्राच्या आधी तेच हलवावेत. जनित्र आणि यूपीएसही बरोबर न्यावेत, कारण सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर आणि बॅटऱ्या खाली अशी मांडणी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

पर्यायी केंद्र चालते हे सिद्ध करण्याची एकच रीत आहे : ठरलेल्या दिवशी मुख्य केंद्र बंद करून पूर्ण दिवसाचे कामकाज पर्यायी केंद्रावर चालवणे. मोठ्या व्यापारी बँकांकडून महत्त्वाच्या प्रणालींसाठी निदान सहामाही सरावाची अपेक्षा केली जाते. आपण तो एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी करावा, आणि तो कंपनीच्या माणसांच्या सोबतीने आपल्या माणसांनी करावा, कारण महामार्ग बंद असताना कंपनीचा अभियंता सांगलीत पोहोचू शकणार नाही.

प्रश्न : मी कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली असून एका सेवापुरवठादार कंपनीतर्फे एका मोठ्या संस्थेत नेमणुकीवर काम करते. संस्थेचे अधिकारी मला थेट तोंडी कामे सांगतात, आणि कंपनीचे व्यवस्थापक ती करू नको म्हणतात. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपण नोकर कंपनीच्या आहात, तेव्हा आदेश कंपनीचा मानावा लागेल, परंतु आपल्या हातात असलेली माहिती संस्थेची आहे, आणि तिला धोका पोहोचेल असे काही दिसले तर ते दोन्ही ठिकाणी लेखी कळवणे आपले कर्तव्य आहे. तोंडी सांगितलेले काम, विशेषतः दुसऱ्याच्या पासवर्डने प्रवेश करणे, नोंदीत थेट दुरुस्ती करणे किंवा लॉग (कोणी केव्हा काय केले याची प्रणालीतील नोंद) पुसणे, कोणत्याही अधिकाऱ्याने सांगितले तरी करू नये. त्या अधिकाऱ्याला नम्रपणे म्हणावे, "साहेब, आपण तिकीट (प्रणालीत कामाची लेखी मागणी) टाका, मी लगेच हाती घेते." पुढे चौकशी झाली, तर आपल्याजवळ तेवढाच पुरावा असेल.

हा वाद मुळात आपला नाही. संस्थेत करार सांभाळणारा एक ठरलेला अधिकारी नसल्यामुळे प्रत्येक विभाग आपल्याला हाक मारतो. तो अधिकारी नेमावा, असे आपल्या व्यवस्थापकांनी संस्थेला पत्र लिहून कळवावे, आणि त्यांना ते सुचवताना मागील महिन्यातील तोंडी कामांची तारीखवार यादी आपण सोबत द्यावी.